सलाईननं किडनी जाते की वाचते? बाबांच्या आजारपणानंतर गावात बसलेली भीती

कोरडवाहू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहितोय. गावाचं आणि दवाखान्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणावर खापर फोडायचं नाही. मला उत्तर हवंय, आणि लवकर हवंय.

गेल्या वर्षी पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, बाबांना ताप आला. वय ५८, वजन ५५ किलो, बीपी-शुगर काही नाही. सोयाबीनमध्ये निंदण चालू होतं, धुऱ्यावर गवत कमरेएवढं. चार दिवस गावातल्या गोळ्यांवर काढले. पाचव्या दिवशी ते असंबद्ध बोलायला लागले, मला मोठ्या काकांच्या नावानं हाक मारली. तसंच उचलून तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. बीपी ८०. लगेच सलाईन लागलं. पहिल्या दोन बाटल्यांनी बीपी जरा वर आलं, आमच्या जिवात जीव आला. मग रात्रभर बाटलीवर बाटली. सकाळी खाटेखालच्या रिकाम्या बाटल्या मी मोजल्या, आठ होत्या. लघवीची पिशवी मात्र होती तशीच. तळाशी काळ्या चहासारखा रंग, ४० पर्यंत जेमतेम. उजाडेस्तोवर पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि बाबांना आडवं पडून श्वास घेता येत नव्हता.

नागपूरला नेलं. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ४.८. तिथं एका ज्युनिअर डॉक्टर मुलीनं बाबांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. कमरेचा करदोडा वर सरकवला तर खाली वाटाण्याएवढी काळी खपली, कडेनं लाल. कोणी तिथं विडी विझवावी तसा डाग. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून आमच्यातल्या कोणाच्या नजरेस पडलाच नाही. स्क्रब टायफस निघाला, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप. डॉक्सी हे अँटिबायोटिक सुरू झालं, श्वासाचं मशीन लागलं, सहा डायलिसिस झाले. सतराव्या दिवशी लघवी सुटली. आज बाबा वावरात जातात, क्रिएटिनिन १.५ वर आहे.

पण गावात त्यातली एकच गोष्ट उरली: "सलाईन चढवू चढवू किडनी घालवली." आता शेजारच्या काकूंना दोन दिवसांपासून ताप आणि हगवण आहे. वय साठीचं. काल दवाखान्यात सुई लावली तर घरच्यांनी ती काढायला लावून त्यांना घरी आणलं, आणि दाखला देतात तो आमच्या बाबांचा. म्हणून विचारतो. सलाईननं खरंच किडनी जाते का? आणि दुसरं, जे मला वर्षभर खातंय: बाबांचं डायलिसिस पहिल्याच दिवशी झालं असतं तर किडनी पूर्ण वाचली असती का?

---

रातपाळी_सिस्टर

भाऊ, धागा राहू द्या मागे, काकूंना आधी दवाखान्यात न्या. हगवणीनं अंगातलं पाणी गेलेल्या बाईला पाणी द्यायचंच असतं, यात दुमत नाही. तोंडानं घेत असतील तर जाईपर्यंत ओआरएस पाजत राहा. एक गोष्ट विचारून सांगा: शेवटची लघवी कधी झाली?

---

कोरडवाहू

सून म्हणते सकाळपासून नाही. गाडी सांगितली, निघतो.

---

धानपट्टा

पूर्व विदर्भात एका सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे. कोरडवाहू, तुम्ही बरं केलंत निघालात ते. सवडीनं वाचा. बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्या रात्रीचा निवाडा मी करणार नाही. पण तुमचा पहिला प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे धानाची बांधी असते, तुमच्याकडे पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर. बांधीतलं पाणी फुटून गेलं तर ती पुन्हा भरून घ्यायची, धान तरारून उठतं. हगवणीचा रुग्ण म्हणजे ही बांधी. जेवढं गेलं तेवढं भरायचं, हात आखडायचा नाही. तिथं पाणी न दिल्यानंच किडनी जाते. पऱ्हाटीचं तसं नाही. सुकली तर पाणी लागतं, पण काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. तिला वाफसा लागतो. सेप्सिसचा रुग्ण या पऱ्हाटीसारखा असतो.

सेप्सिसमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो. जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद आवाक्याबाहेर जातो. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात, कच्च्या पाटासारख्या. वरून सोडलेलं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, वाटेत मुरतं. ते मुरतं कुठे, तर पायात, पोटात, फुप्फुसात आणि खुद्द किडनीत. किडनीभोवती घट्ट आवरण असतं. आत सूज आली की तिला पसरायला जागा नसते, दाब आतल्या आतच वाढतो. किडनीला रक्त ढकलणारा जोर म्हणजे धमनीतल्या दाबातून शिरेतला दाब वजा करून जे उरेल ते. बाटल्यांमागून बाटल्या दिल्या की शिरेतला दाब वाढतो आणि उरलेला जोर कमी होतो. म्हणजे लघवी होत नाही म्हणून दिलेल्या सलाईननंच लघवी अडू शकते.

पूर्वी आम्हीही असंच शिकलो होतो की सेप्सिसमध्ये किडनीकडे रक्त कमी जातं म्हणून ती बंद पडते. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांत मात्र दिसलं की किडनीकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतानाही गाळण थांबू शकते. बिघाड अगदी बारीक वाहिन्यांत आणि पेशींच्या आत असतो. तो नुसत्या पाण्यानं कसा सुधारेल?

तरीही पहिल्या तासांत सलाईन लागतंच, कारण बीपी ८० असलेल्या माणसाचा मेंदू आणि हृदय वाट पाहू शकत नाही. सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली असा अंदाज दिलेला आहे. तुमच्या बाबांच्या ५५ किलोला १६५० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांच्या आत. यातली एक गोष्ट लोकांपर्यंत पोचलेली नाही: २०१६ मध्ये ही ठाम शिफारस होती, २०२१ मध्ये ती सौम्य केली गेली.

ती सौम्य होण्याआधी बरंच घडलं होतं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात ३१४१ आजारी मुलांवर झालेली चाचणी छापून आली. ज्यांना जोरात सलाईन दिलं त्यांच्यात ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, ज्यांना नाही दिलं त्यांच्यात ७.३ टक्के. हगवणीची मुलं या चाचणीतून मुद्दाम वगळली होती, हे काकूंच्या घरच्यांना आवर्जून सांगा. पुढे २०१७ मध्ये झांबियातल्या मोठ्या माणसांचा अभ्यास आला. बीपी पडलेले सेप्सिसचे रुग्ण, बहुतेकांना एचआयव्ही. ठरावीक पद्धतीनं सुरुवातीलाच भरपूर सलाईन दिलेल्या गटात ४८.१ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. मला हे आकडे वाचून झोप लागली नव्हती. कारण ते वॉर्ड आमच्यासारखे होते. व्हेंटिलेटर हाताशी नाही, फुप्फुसात पाणी झालं तर सांभाळणारं कोणी नाही.

श्रीमंत देशांतल्या आयसीयूत चित्र थोडं निराळं आहे. २०२२ मध्ये युरोपात आणि २०२३ मध्ये अमेरिकेत हात राखून सलाईन आणि सढळ सलाईन यांची तुलना झाली. मृत्यूंत फरक पडला नाही. पण तिथं दर रुग्णामागे मॉनिटर असतो, चूक अर्ध्या तासात पकडली जाते. आपल्याकडे ती सकाळच्या राउंडला कळते.

म्हणून मी काय करतो ते लिहितो. पहिली बाटली जोरात. ती संपताना मी खाटेशी उभा असतो. बीपी, श्वास, फुप्फुसाच्या तळाशी कुरकुर, बोटाचं टोक. लॅक्टेट, म्हणजे पेशींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल, मोजायचं मशीन आमच्याकडे नाही, म्हणून बोटाच्या टोकावर काचेची पट्टी दहा सेकंद दाबून सोडतो आणि रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजतो. तीन सेकंदांवर गेला तर रक्त अजून पोचत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या २८ आयसीयूत ४२४ रुग्णांवर ही साधी खूण लॅक्टेटच्या समोर तपासली गेली, निकाल २०१९ साली आला. बोट पाहून उपचार केलेल्यांत ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेट पाहून ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, पण बोट पाहणं लॅक्टेटपेक्षा कमी नाही एवढा भरवसा मला त्यातून मिळाला. दुसरी युक्ती, रुग्णाचे दोन्ही पाय उचलून धरायचे. पायांतलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं. त्यानं मिनिटभरात काही सुधारलं नाही तर आणखी बाटलीनं सुधारण्याची आशा कमी.

दीड-दोन लिटरनंतरही बीपी उठत नसेल तर मी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुरू करतो. सैल पडलेली वाहिनी आवळायचं औषध आहे ते. मानेतली सेंट्रल लाईन नाही म्हणून थांबत नाही. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ देता येतं, सुईजवळ कातडी पांढरी पडते का यावर सिस्टरची नजर हवी. सरासरी दाब ६५ ठेवायचा. आणि यातल्या कशासाठीही अँटिबायोटिक थांबवायचं नाही. शॉकमध्ये पहिला डोस तासाच्या आत गेला पाहिजे.

तुमच्या बाबांच्या बाबतीत माझ्या मते मोठा तोटा झाला तो डॉक्सी उशिरा मिळाल्यानं. पावसाळा, निंदण, पाच दिवसांचा ताप, भ्रम. विदर्भात २०१८ साली स्क्रबची मोठी साथ येऊन गेली, तेव्हापासून अशा रुग्णाला आम्ही तपासणीची वाट न पाहता डॉक्सी देतो. २०२३ साली आपल्याच देशातल्या सात केंद्रांतली चाचणी आली. गंभीर स्क्रबमध्ये डॉक्सी आणि अ‍ॅझिथ्रो दोन्ही शिरेतून दिली तर मृत्यू, लांबलेला ताप आणि गुंतागुंत यांची एकत्र बेरीज ३३ टक्के आली, एकट्या औषधानं ४७-४८. आणि स्क्रबमध्ये वाहिन्यांची अस्तरंच सुजतात, म्हणून फुप्फुसात पाणी झिरपायला वेळ लागत नाही.

आठ बाटल्या, म्हणजे चार लिटर, हा आकडा एकटा पाहिला तर अघोरी नाही. मी विचारेन ते एवढंच: तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बाटलीआधी कोणी रुग्णाकडे पाहिलं होतं का?

---

रातपाळी_सिस्टर

डॉक्टरसाहेब, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला, कारण रात्री पाहणारं माणूस म्हणजे मी. तीस-पस्तीस खाटा आणि दोघी जणी. ऑर्डर असते "सलाईन चालू ठेवा". संपली की दुसरी लावायची. थांबवा म्हणून ऑर्डर क्वचित असते.

आता मी एक करते. नातेवाइकांपैकी जो जागा राहणार असेल त्याला वहीचं पान देते. डावीकडे किती गेलं, उजवीकडे किती आलं. युरोबॅग (लघवीची पिशवी) खाटेच्या खाली लटकवलेली हवी, जमिनीला टेकलेली नको, आणि नळी कुठे पिळलेली नाही ना ते आधी पाहायचं. मागे एकदा रुग्णाच्या मांडीखाली नळी दबली होती आणि आम्ही किडनी गेली समजून घाबरलो होतो. नळी सोडवली आणि पिशवीत ३०० उतरलं. रेघ वाचताना पिशवी डोळ्यांसमोर धरायची, वरून वाकून वाचलं तर चुकतं.

हिशेब सोपा आहे. किलोमागे तासाला अर्धा मिली. ५५ किलोच्या माणसाला सहा तासांत १६५. त्याच्या खाली गेलं की मी डॉक्टरांना उठवते. रागावले तरी उठवते. क्रिएटिनिनचा रिपोर्ट एक-दोन दिवस मागे चालतो, पहिल्या दिवशी तो चांगला येऊ शकतो. लघवी त्याच्या आधी सांगते.

---

मेडिकल_चौकातलं

माझं औषधांचं दुकान आहे. आमच्याकडे डॉक्टर किडनीच्या पेशंटला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) देत नाहीत, त्यात पोटॅशियम असतं म्हणून. एनएसच, म्हणजे साधं मिठाचं सलाईन, लिहून येतं. हे बरोबर का?

---

धानपट्टा

फार जुना समज आहे. आरएलच्या लिटरमध्ये पोटॅशियम ४, म्हणजे आपल्या रक्तात असतं तेवढंच. उलट एनएसमध्ये क्लोराइड १५४ आहे, रक्तात शंभरच्या आसपास असतं. ते जास्तीचं क्लोराइड रक्त आंबट करतं आणि त्यानं पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. २००५ साली किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरची चाचणी छापून आली, त्यात पोटॅशियम सहाच्या वर गेलं ते एनएसच्या गटात, आरएलमध्ये कोणाचंच नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेत १५,८०२ रुग्णांवर तुलना झाली. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीचं टिकून राहिलेलं नुकसान, असं सगळं मिळून आरएलसारख्या द्रावणांत १४.३ टक्के, एनएसमध्ये १५.४. नंतर ब्राझील (२०२१) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड (२०२२) इथल्या मोठ्या चाचण्यांत फरक आढळला नाही. म्हणून मी आरएल निवडतो, पण स्टोअरमध्ये एनएसच असेल तर एक मिनिटही थांबत नाही. डोक्याला मार असेल तर गोष्ट वेगळी, तिथं एनएस.

तुमच्या कपाटात स्टार्चच्या (शिरेतून द्यायच्या घट्ट द्रावणाच्या) बाटल्या असतील तर त्या मात्र सेप्सिसच्या रुग्णापर्यंत जाऊ देऊ नका. २०१२ च्या चाचणीत त्यांनी मृत्यू ४३ वरून ५१ टक्क्यांवर गेले आणि डायलिसिसही वाढले.

---

बोंडअळी_बाधित

डॉक्टरसायेब, मी साधा मानूस हावो, पन बोलतो. आमच्या गावात बाई निंदून थकली का सलाईन, पोट्टं ताप आला का सलाईन. लोकंच म्हनतेत डॉक्टरले, बाटली लावा, ताकद येते. पैसे बी घेते तो आन् लोकं बी खुश. आन् मंग खरंच सिरीयस झाला का तेच लोकं म्हनते बाटलीनं मारलं. काहून असं? मले तं वाटते लोकायले बाटलीत काय असते हेच कोनी सांगितलं नाई.

---

धानपट्टा

भाऊ, तुम्ही मुळालाच हात घातलात. एनएसच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यात ताकद नाही. निंदून थकलेल्या बाईला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि जेवण लागतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून, नातेवाइकांच्या हातून पाजलं. त्या छावणीत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. शिरेतून दिलं तरच औषध, हा समज तिथंच मोडायला हवा होता.

---

तिसरी_शिफ्ट

जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस टेक्निशियन आहे. कोरडवाहू दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितो. हा सल माझ्यासमोर बसून खूप मुलं बोलून दाखवतात, म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट सरांनी समजावलेलं सांगतो.

लवकर डायलिसिस केल्यानं जीव जास्त वाचतात का, हे तीन हजारांच्या आसपास रुग्णांवर पाहिलं गेलं, निकाल २०२० ला आला. लवकर केलेल्यांत ४३.९ टक्के, थांबून केलेल्यांत ४३.७ टक्के दगावले. उलट लवकर केलेल्यांत पुढेही डायलिसिस लागत राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. फ्रान्समधल्या २०१६ च्या अभ्यासात थांबलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या रुग्णांना डायलिसिस लागलंच नाही. पोटॅशियम चढलं, फुप्फुसात पाणी झालं, रक्त फार आंबट झालं तर मात्र क्षणभर थांबायचं नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी नाही झालं म्हणून किडनी गेली असं मनातून काढून टाका. ते तुमच्या हातून सुटलेलं काही नव्हतं.

लॅसिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं, पण लोक विचारतात. त्यानं अंगात साचलेलं पाणी निघतं, किडनी बरी होत नाही. बीपी पडलेलं असताना ते मागू नका.

बाबांचं क्रिएटिनिन १.५ आहे ना, मग दर तीन-चार महिन्यांनी तपासा, लघवीतलं प्रथिन पण. आणि गुडघा दुखतो म्हणून डायक्लोचं इंजेक्शन बिलकुल नाही. आमच्याकडे परत आलेले कित्येक जण त्या इंजेक्शनवरून आलेत.

---

कोरडवाहू

सगळ्यांचं वाचलं. तिसरी_शिफ्ट, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण डायक्लोच्या उरलेल्या दोन पट्ट्या स्वतःच आणून माझ्या हातात दिल्या.

काकू सरकारी दवाखान्यात आहेत. काल रात्री बीपी ८६ होतं. सून सुई लावू देत नव्हती. मी तिला बांधीचं आणि पऱ्हाटीचं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे हगवण लागली म्हणून हिची बांधी रिकामी झाली? मी म्हणालो हो. मग लावू दिलं. सिस्टरताईंनी सांगितलं तसं वहीचं पान केलं, सून रात्रभर लिहीत होती. तीन बाटल्या आरएल गेल्या, प्रत्येकीनंतर डॉक्टर येऊन गेले. पहाटे तीनपर्यंत लघवी ३५. सहाला १९०. आज बीपी ११०.

---

रातपाळी_सिस्टर

ताप आहे म्हणालात. करदोडा, काख, मांडीचा सांधा, छातीखाली, कानामागे, केसांत, सगळीकडे पाहिलं का? बाई डॉक्टरांना किंवा सिस्टरला पाहायला सांगा.

---

कोरडवाहू

सिस्टरनं पडदा लावून पाहिलं. कुठेच खपली नाही. डॉक्टर म्हणाले सगळ्यांच्या अंगावर ती दिसतेच असं नाही, आणि डॉक्सी सुरू केली. स्क्रबची तपासणी पाठवलीय, उद्या कळेल.